रविवारची बैठक : मेफ्लाय ओळखणे आणि तिची वेळ

सर्व सभासदांनी येत्या रविवारी दुपारी ४ वाजता पवनीच्या घाटावर, वैनगंगेकाठी जमावे.

मेफ्लाय म्हणजे पिल्लूपणी पाण्यात राहणारा, नंतर पंख फुटून बाहेर येणारा नाजूक कीटक. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती गोळा होणारे पंखवाले किडे म्हणजे मेफ्लाय नव्हे, ती वाळवी. तिचे चारही पंख सारखे असतात, शेपटी नसते. मेफ्लाय बसली की पंख पाठीवर सरळ उभे धरते. मागचे पंख छोटे, काही जातींत नसतातच. शेपटीला दोन किंवा तीन लांब धागे.

उथळ, वाहत्या पाण्यातले दगड हळूच उलटून निम्फ, म्हणजे मेफ्लायची पाण्यातली पिल्ले, पाहू. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले दिसतील. पाठीवरचे पंखकोश काळे पडले असतील तर ती लवकरच पाण्याबाहेर निघणार, आणि आपल्याला नेमके हेच हेरायचे आहे! बाहेर पडते ती धुरकट पंखांची डन, म्हणजे पंख फुटलेली पण अजून पूर्ण वाढ न झालेली मेफ्लाय. पुन्हा कात टाकली की पारदर्शक पंखांची स्पिनर, म्हणजे पूर्ण वाढलेली मेफ्लाय. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा कीटक आज जगात नाही.

आपल्याकडच्या उष्ण हवेत ती बहुधा दिवेलागणीला बाहेर पडते, ती वेळ चुकवू नका. पाण्याचे तापमान आणि वेळ वहीत लिहा.

भिंग, पांढरी ताटली, थर्मामीटर आणा. उलटलेला दगड होता तसाच ठेवायचा.