यंदाचं गाऱ्हाणं

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा बाबा म्हणाले, "यंदा गणपतीला तुम्ही मुलंच जाऊन या, आमचं तिथे आता काय काम?" मागून आईचा आवाज आला, "गुडघे ऐकत नाहीत रे, उगाच तुम्हाला लोढणं." मी तेव्हा बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्या "काय काम"ला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते फोनवर सांगता येण्याजोगं नाही. फोनवर आई जेवणाचं विचारते, बाबा पावसाचं विचारतात आणि बोलणं संपतं. म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा.

लालबागच्या आपल्या खोलीत गणपती यायचा तो माळ्यावरची ट्रंक खाली उतरली की. चिवडा गल्लीतला चिवडा, कापूर, उदबत्त्या, घोटीव कागद, आजीचं लुगडं आणि गॅसबत्तीची मेंटलं, ती मात्र आईच्या जुन्या पातळात गुंडाळून. मग परळहून रात्रीची एसटी. कशेडी घाटात आई आम्हाला आळीपाळीने लिंबू हुंगायला द्यायची. बाबा रात्रभर ताठ बसलेले असायचे. उजाडता उजाडता खारेपाटण मागे पडलं, की बाबा ड्रायव्हरशी मालवणीत बोलायला लागायचे. मुंबईत वर्षभर मोजून बोलणारा माणूस तिथून पुढे कणकवलीपर्यंत गप्प बसायचा नाही. पाऊस किती झाला, भात पसवलं का, कोणाच्या घरचा गणपती किती दिवसांचा, सगळी चौकशी. मला तो प्रवासातला सर्वांत आवडता तुकडा वाटायचा. तुमचा आवाजच वेगळा यायचा, बाबा.

घराच्या पायरीवर आजी भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायांवर पाणी घालायची आणि मगच आत घ्यायची. आत चाळीसेक माणसं. मुंबईचे तीन काका, बेळगावचे काका-काकी, दोन्ही आत्या आणि सगळ्यांची मिळून आम्ही पोरं. रात्री माजघरात एका लांब सतरंजीवर आडवे झोपायचो, कोण कोणाचा भाऊ सख्खा नि कोण चुलत हे अंधारात कळायचं नाही आणि त्याची गरजही नव्हती. मुंबईत यातलं एकही पोर माझ्या शाळेत नव्हतं, चाळीत नव्हतं. वर्षातून तेवढेच दिवस आम्ही एकमेकांना भेटायचो आणि तरी भेटल्यावर कोणी कोणाला बुजायचं नाही.

माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीचं, सामान आणायचं काम पोरांचं. आदल्या दिवशी सकाळी रानात जायचं. हरणाची पिवळी फुलं, कांगण्या, लाल कवंडळं, शेरवडं, तेरडा. थोरल्या काकांचा मुलगा वेलीवरून कवंडळं काढायचा, खाली आम्ही धोतरात झेलायचो. पुढे ती माटवीला टांगली की गणपतीच्या डोक्यावर रानच उतरल्यासारखं दिसायचं. मधोमध नारळाची पेंड, बाजूंना ओल्या सुपाऱ्यांचे घोस. आजोबांनी नागपंचमीलाच पाट गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे, नेऊन दिलेला असायचा. त्याच पाटावरून मूर्ती काकांच्या डोक्यावर, शेताच्या मेरेवरून, भिजत, घरी यायची.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मला सांगायचं आहे ते 1982 सालचं.

जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, 18 तारखेला. पावसाळा आला तरी मिटला नव्हता. गिरणगावातले कितीतरी जण गावी परतले, तसे बाबा तुम्हीही लावणीच्या आधी गेलात. आम्ही शाळेमुळे मुंबईत. आई पापड लाटायची, रेशनच्या रांगेत उभी राहायची आणि आम्हाला एकच सांगायची, गणपतीला जायचंच आहे. त्या वर्षी ट्रंक नव्हती, एक कापडी पिशवी होती. चिवडा नव्हता. कणकवलीच्या स्टँडवर उतरलो आणि मी तुम्हाला ओळखलं नाही. उन्हाने काळवंडलेले, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, डोक्यावर इरलं. दर वर्षी मुंबईहून येणारे तुम्ही, त्या वर्षी गावकऱ्यासारखे आम्हाला घ्यायला उभे होतात. आईने तुमच्या हातांकडे बघितलं आणि काही न बोलता पिशवी तुमच्या हातात दिली.

चतुर्थीला पूजा झाली. सगळे पडवीपर्यंत दाटीने उभे राहिलो. आजोबांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आधी मूळपुरुष, मग ग्रामदेवता, मग घरातली गेलेली माणसं. मग एकेक हयात नाव. मुंबईतलं, बेळगावचं, आत्यांच्या सासरचं, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या काकीच्या पोटातल्या जिवाचंही. प्रत्येक ओळीला आमचं "होय महाराजा". आणि तुमचं नाव आल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "ह्या माज्या झिलाची बंद पडलेली गिरण पुन्ना सुरू होवंदे रे महाराजा."

"होय महाराजा" सगळ्यांनी म्हटलं. मी तुमच्या शेजारी होतो, तुमचा आवाज आला नाही. मोठ्या काकांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून पुढची सगळी नावं होईपर्यंत ते उभे राहिले. त्या काकांशी तुमचं बांधावरून दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

गिरणी सुरू झाली नाही. तुम्ही दुसरी नोकरी धरलीत, आम्हाला शिकवलंत. पण मला माणसं कळली ती त्या गाऱ्हाण्यात. आपले म्हणून जे कोणी आहेत त्यांची नावं वर्षातून एकदा मोठ्याने, एकत्र उभं राहून घेतली जातात आणि ज्याचं काही अडलं असेल ते देवापुढे सगळ्यांच्या देखत मांडलं जातं. लाज वाटायचं कारण नाही, कारण पुढचं नाव दुसऱ्याचं असतं आणि त्याचंही काहीतरी अडलेलं असतं. इतक्या वर्षांत मी अनेक कार्यक्रम पाहिले, भाषणं ऐकली. एवढं मोठं काही पाहिलं नाही.

आता आई, तुझं.

तू पहाटे चारला उठायचीस. ओली लाकडं, धूर, फुंकणी. तू, मोठी काकी आणि धाकटी काकी, तिघी तीन आडाळ्यांवर बसून नारळ खवायच्या. मी मुद्दाम लवकर उठून चुलीपाशी येऊन बसायचो, कारण तेव्हा तू मला खोबऱ्याची वाटी द्यायचीस. मोदकाच्या पारीला तू कळ्या घालायचीस तेव्हा तुझा अंगठा आणि दोन बोटं एवढीच हलायची, बाकी हात स्थिर. काकीची कळी जाड यायची, तुझी पातळ नि सारखी, आणि उकड जराशी घट्ट वाटली की तू पाण्याचा हात न लावता तेलाचा लावायचीस. दुपारी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग पाहुण्यांची. तुम्ही बायका तीनला बसायच्या. काळ्या वाटाण्याची उसळ तोवर तळाला गेलेली असायची. रात्री भजनवाले आले की पुन्हा चहा, पुन्हा उसळ. हे बरोबर नव्हतं, आई. तेव्हाही नव्हतं. ते सगळं किती छान होतं असं मी लिहीन आणि तुझी पाठ त्यात धरणार नाही, असं होणार नाही.

पण गौरीच्या रात्रीची तूही मला आठवतेस. भांडी घासून झाली, पाऊस थांबला, खळ्यात गॅसबत्ती टांगली आणि तू पदर कमरेला खोचून मोठ्या काकीचे हात धरलेस. काय फुगडी घातलीत तुम्ही! चाळीत कधी वरच्या पट्टीत न बोललेली माझी आई उखाण्यावर उखाणे घेत होती, काकीला हरवत होती, आत्या टाळ्या वाजवून वेग वाढवत होत्या. आजी पडवीतून ओरडली, "पडशात गो!" तू थांबली नाहीस. तुझं ते हसणं मी मुंबईत कधी ऐकलं नाही.

पुढे 1998 साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली, आणि गणपतीला आपण रुळांवरून गेलो. करबुड्याचा 6.5 किलोमीटरचा बोगदा संपेपर्यंत बाबा खिडकीला नाक लावून होते. प्रवास सोपा झाला, माणसं मात्र कमी होत गेली. आजोबा गेले, मग आजी, मग एकेक काका. तरी गणपती एकच राहिला. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, गणपती वेगळा झाला नाही. आजूबाजूच्या घरांत काय झालं ते तुम्ही बघितलं आहे.

म्हणून बाबा, तुमचं काम. गाऱ्हाणं घालणारे आता तुम्ही एकटे उरला आहात. आम्हा भावंडांत कोणालाही मूळपुरुषापासूनची नावं क्रमाने येत नाहीत. मला आजोबांच्या वडिलांपर्यंत येतात, त्याच्या मागे नाही. थोरल्या काकांच्या मुलाला मधली दोन येतात, पण कोण आधी कोण नंतर याची खात्री नाही. कागदावर लिहून पाठवतो असं म्हणू नका. कुठे थांबायचं, कोणाच्या नावाला आवाज खाली आणायचा, हे कागदावर येत नाही. माझी मुलगी यंदा तुमच्या शेजारी उभी राहून म्हणणार आहे. तिनेच मागितलं आहे. मुलीने का म्हणू नये, असं तिने मला विचारलं, मी म्हटलं आजोबांना विचार. तुम्ही काय उत्तर द्याल याची मला काळजी नाही.

आणि आई, तुझं काम एवढंच की उकड झाली की बोटाने दाबून बघायची आणि हो किंवा नाही म्हणायचं. नारळ आम्ही भावंडं खवणार, पुरुष आणि मुलगे धरून. पाळ्या लावल्या आहेत. आचारी आणायचा नाही हे तुझं म्हणणं मान्य. बायकांची पंगत पहिली बसेल, आणि तू त्यात गौरीच्या समोरच्या पाटावर, म्हणजे खुर्चीवर.

गुडघ्यांचं बघितलं आहे. न्हाणीघराला लागून चुलतभावाने कमोड बसवून घेतला, भिंतीला धरायला दांडाही लावला. पाणंद आता सिमेंटची झाली, गाडी खळ्यापर्यंत जाते. रात्रीचा प्रवास नको म्हणून मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढतो, ठाण्याहून चढायचं, दिवसाउजेडी कणकवली. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात, तेव्हा मला या आठवड्यातच तुमचं हो पाहिजे. मी आदल्या दिवशी नाशिकहून डोंबिवलीला येईन, सामान मीच बांधेन. आईची रक्तदाबाची गोळी आणि बाबांचे डोळ्यांचे थेंब पंधरा दिवसांचे घेऊन ठेवा, गावात ते मिळत नाहीत.

घोटीव कागद कुठे मिळतो ते बाबांनी सांगावं. मुलांना थर्माकोल नको आहे.

तुमचा,
धाकटा