द्वारकेच्या बातम्यांतील सरमिसळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रात बुडालेल्या द्वारकेविषयीचा मजकूर वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून वरचेवर वाचायला मिळतो, आणि त्यातल्या बऱ्याच मजकुरात एकच घोटाळा असतो. द्वारकेच्या किनाऱ्याजवळचे घडीव दगड, बेट द्वारकेची मुद्रा आणि खंभातच्या आखातातले लाकूड या तीन निरनिराळ्या ठिकाणच्या गोष्टी एकत्र करून ‘साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची श्रीकृष्णाची नगरी सापडली’ असे बेधडक छापले जाते. द्वारकेवर माझी श्रद्धा आहे आणि म्हणूनच ही सरमिसळ मला फार खटकते.

आधी खंभातविषयी. हे आखात सौराष्ट्राच्या पूर्वेला आहे आणि द्वारका थेट पश्चिम टोकाला. २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने घेतलेल्या ध्वनिप्रतिमांत (पाण्यात ध्वनिलहरी सोडून मिळवलेल्या चित्रांत) तिथल्या तळाशी चौकोनी आकार दिसल्याचे जाहीर झाले आणि तळ खरवडून वर काढलेल्या वस्तूंपैकी लाकडाच्या एका तुकड्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे भरले. पण नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या नद्या जिथे आपला गाळ आणून ओततात आणि भरती-ओहोटीचे प्रवाह जिथे अतिशय जोरकस असतात, त्या तळावर ते लाकूड मुळात कुठून वाहत आले हे कोणी सांगावे? ते कोणत्या थरात होते याची नोंदच नसल्यामुळे लाकडाचे वय हे नगराचे वय ठरत नाही, हा अभ्यासकांचा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. द्वारकेशी तर या लाकडाचा काहीच संबंध नाही.

द्वारकेतले प्रत्यक्ष काम याहून कितीतरी मोलाचे आहे आणि त्यात पुण्याचा व गोव्याचा वाटा मोठा आहे, हे मराठी वाचकांना क्वचितच सांगितले जाते. १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली द्वारकेत उत्खनन केले. १९७९-८० मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. आर. राव यांनी द्वारकाधीश मंदिराच्या आवारात खोदकाम केले, तेव्हा जमिनीखाली जुन्या मंदिरांचे अवशेष लागले. पुढे गोव्यातल्या दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचा विभाग उभा राहिला आणि १९८३ पासून पाण्यात बुडी मारणाऱ्या त्याच्या संशोधकांनी द्वारकेला समुद्रास मिळणाऱ्या गोमतीच्या मुखासमोरचा तळ पाहायला सुरुवात केली. तिथे तासलेले चिरे, अर्धवर्तुळाकार बांधकामाचे भाग आणि शंभराहून अधिक दगडी नांगर आढळले.

या नांगरांकडे नीट पाहायला हवे. त्रिकोणी दगडाला वरच्या टोकाशी एक गोल भोक असते, ते दोरासाठी. खालच्या बाजूला दोन भोके असतात, त्यांत लाकडी खुंट ठोकायचे, म्हणजे ते तळात रुततात. इतके नांगर एका ठिकाणी पडले आहेत, त्या अर्थी तिथे जहाजांची मोठी वर्दळ होती, एवढे खात्रीने म्हणता येते. मात्र अशा नांगरांचा वापर शतकानुशतके होत राहिला आहे. केवळ आकारावरून त्यांचा काळ ठरवता येत नाही. राव यांनी या अवशेषांचा संबंध महाभारतातल्या द्वारकेशी जोडला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्याच ए. एस. गौर, सुंदरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या अभ्यासात यातले बरेचसे अवशेष ऐतिहासिक, म्हणजे त्यामानाने अलीकडच्या, काळातल्या बंदराचे असल्याचा निष्कर्ष काढला. हा मतभेद बातम्यांत कधी उमटतच नाही, याचे मला वाईट वाटते.

प्राचीनत्वाचा भक्कम पुरावा मिळतो तो उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या बेट द्वारकेत. शंखाची, जेमतेम दोन सेंटिमीटरची मुद्रा (शिक्का), तिच्यावर एकाच धडाला बैल, एकशिंगी प्राणी आणि बोकड अशी तीन जनावरांची तोंडे. शिवाय कोरलेली अक्षरे असलेले भांडे आणि तापदीप्ती पद्धतीने (खापर तापवून त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून काळ ठरवण्याच्या पद्धतीने) सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ठरलेली खापरे. उत्तर हडप्पा काळात, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात, इथे वस्ती होती, हे यावरून दिसते. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुन द्वारकावासीयांना घेऊन निघतो आणि ते जसजसे पुढे सरकतात तसतशी मागची भूमी समुद्र गिळत जातो. या वर्णनामागे किनारा खचल्याची खरीखुरी आठवण असू शकेल, असे मला मनापासून वाटते. पण ते माझे वाटणे आहे, पुरावा नव्हे. रुसलेल्या रुक्मिणीला शोधत द्वारकेहून दिंडीरवनात आलेल्या देवाला पंढरपुरात भेटणाऱ्या आपल्या लोकांची भक्ती काही कार्बन-मापनावर अवलंबून नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जलाखालील पुरातत्त्व विभागाने प्रा. आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेत पुन्हा शोध सुरू केला. पाच जणांच्या त्या पथकात तीन स्त्रिया होत्या. त्यांच्या कामाची बातमी आपण छापाल तेव्हा वस्तू नेमकी कोणत्या ठिकाणी, किती खोलीवर आणि कोणत्या थरात मिळाली, तिचा काळ कोणत्या पद्धतीने ठरवला, हे तिच्यात आवर्जून द्यावे. सोबत द्वारका, बेट द्वारका आणि खंभात ही ठिकाणे वेगवेगळी दाखवणारा सौराष्ट्राचा एक छोटा नकाशाही छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे