तुझ्याजवळ कोण असेल?

प्रिय सखे,

तुला दिवस गेल्याचं वाचलं आणि पत्र हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. मग खालचा प्रश्न वाचला: नोकरी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात घ्यावी की नेदरलँड्समध्ये, मिडवाइफचा, म्हणजे रीतसर शिकलेल्या सुईणीचा, खर्च कुठे विम्यात बसतो?

खर्चाची काळजी दोन्हीकडे फारशी नाही. नेदरलँड्समध्ये ही सेवा मूळ आरोग्यविम्यातच येते. इतर उपचारांना दरवर्षी जी पहिली रक्कम स्वतः भरावी लागते, तीही या सेवेला लागत नाही. बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाचं बघणारी मदतनीसही मिळते. तिच्यासाठी तासामागे थोडे पैसे द्यावे लागतात, एवढंच. ऑन्टॅरिओने १९९४ पासून मिडवाइफना कायद्याने मान्यता दिली आणि खर्च सरकारनेच उचलला. प्रांताचा विमा हाती आलेला नसला, तरी तिथे राहणाऱ्या बाईला ही सेवा मिळते. कॅनडात प्रांत बदलला की नियम बदलतात, तेवढं लक्षात ठेव.

पण सखे, विम्यात नाव असणं वेगळं आणि दाराशी माणूस येणं वेगळं. २०२१ च्या जागतिक अहवालात जगभर नऊ लाख मिडवाइफ कमी असल्याचं म्हटलं होतं. शहरापासून लांबच्या गावांत ही उणीव जास्त जाणवते. म्हणून घर ठरवण्याआधी त्या भागातल्या मिडवाइफना फोन कर. तुझ्या तारखेच्या सुमारास जागा आहे का, रात्री कळा सुरू झाल्या तर कोण येईल, सगळं विचार. संकोच करू नकोस.

माझ्या वेळचं तुला कधी सांगितलं नाही. रात्रभर एक सिस्टर माझी पाठ चोळत होती. सकाळी तिची ड्यूटी संपली. ती गेली तेव्हा मी रडले, कळांनी नव्हे. नंतर आलेल्या बाईंनी माझं नावही विचारलं नाही. ओळखीच्या मिडवाइफने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांभाळलं तर बाळ बाहेर येताना छेद देण्याची वेळ कमी येते, हे पुढे अभ्यासांत वाचलं तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

न्यूझीलंडची पद्धत मला म्हणूनच फार आवडते. १९९० च्या कायद्याने तिथे मिडवाइफला डॉक्टरच्या देखरेखीविना काम करता येऊ लागलं. आता बहुतेक बायकांची एकच मिडवाइफ गरोदरपणापासून बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत सोबत असते, तीही मोफत.

आणि सुईण म्हटलं म्हणून आईंना घाबरू देऊ नकोस. ही रीतसर शिकलेली, परवाना असलेली बाई असते. गुंतागुंत दिसली की वेळ न घालवता डॉक्टरांकडे पाठवते. तुझा रक्तदाब जरा वर असतो, ते तिला पहिल्याच भेटीत सांग.

नोकरीचं ठरलं की कळव. डॉक्टरांनी दिलेली तारीखही लिही, म्हणजे मला रजेचा अर्ज टाकता येईल.

तुझीच,
मैत्रीण