मार्नरनंतरचे लीफ्स

मिसिसागा
10 सप्टेंबर 2025

प्रिय शुभा,

"मार्नर गेला, आता उरलं काय?" असं तू आपल्या टोरोंटोच्या आइस हॉकी संघाबद्दल, मेपल लीफ्सबद्दल, विचारलंस. फोनवर चार वाक्यांत सांगून माझं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. इथले गणपती पार पडले, मंडळाची धावपळ संपली आणि पुढच्या आठवड्यात लीफ्सचा सरावाचा कॅम्प सुरू होतोय. मला विचारशील तर बरंच उरलंय. पण मार्नरबरोबर नेमकं काय गेलं ते आधी बघायला हवं.

त्याचे गेल्या सीझनचे 102 पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) सगळ्यांच्या तोंडी आहेत. लीफ्सकडून 657 मॅचमध्ये 741 पॉइंट केले पोरानं. मार्कहमला जन्मलेला, इथल्याच रिंकवर वाढलेला आपला मुलगा. आता व्हेगासचा संघ त्याला आठ वर्षं, दर वर्षाला 1 कोटी 20 लाख डॉलर देणार. बदल्यात आपल्याला मिळाला निकोलस रॉय. कागदावर हा सौदा बघवत नाही हे मान्य. पण मार्नरचा करार संपतच होता. काहीच हाती न लागता तो जाण्यापेक्षा रॉय मिळाला हे बरं झालं, आणि रॉयबद्दल मला पुढे बरंच बोलायचंय.

मला पॉइंटपेक्षा त्याचं निळ्या रेषेवरचं, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीत शिरतानाचं, काम आठवतं. पक (खेळायची रबरी चकती) घेऊन तो मधल्या पट्ट्यातून यायचा आणि रेषेच्या जरा अलीकडे वेग कमी करायचा. कबड्डीत चढाईला आलेला खेळाडू बोनस रेषेपाशी थबकतो ना, तसा. समोरचा डिफेन्समन पुढे यावं की मागे सरावं या विचारात अडकायचा, तेवढ्यात आपला मुख्य गोल करणारा मॅथ्यूज मोकळ्या जागेत पोचलेला असायचा आणि पक त्याच्या स्टिकवर. ही एक गोष्ट झाली. समोरचा एक माणूस शिक्षेमुळे बाहेर असताना, म्हणजे पॉवर प्लेला, सूत्रं त्याच्याच हातात असायची, ही दुसरी. आणि आपला माणूस पेनल्टी बॉक्समध्ये बसलेला असला की बचावाला, म्हणजे पेनल्टी किलला, पुन्हा हाच बर्फावर. तीन माणसांचं काम एकटा करत होता. त्याच्या जागी दुसरा मार्नर आणता येणार नव्हता, आणि संघाचा जनरल मॅनेजर ट्रेलिव्हिंगनं तसा प्रयत्नही केलेला नाही. कामं वाटून टाकली आहेत. मला हे शहाणपणाचं वाटतं.

मागचा सीझन आठव. संघाचे गुणतक्त्यात 108 पॉइंट, आपल्या अटलांटिक डिव्हिजनमध्ये पहिला नंबर. मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, जिथे सातपैकी चार मॅच आधी जिंकणारा पुढे जातो. पहिल्या फेरीत ऑटावाला सहा मॅचमध्ये घरी पाठवलं. मग फ्लोरिडा. पहिल्या दोन मॅच आपल्या. तिसरी त्यांच्या मार्चंडनं ओव्हरटाइममध्ये हिसकावली आणि तिथून वारं फिरलं. पाचवी मॅच घरच्या बर्फावर 6-1 नं हरलो, लोकांनी जर्सी काढून खाली फेकल्या. सहावीत त्यांच्या घरी आपला गोलकीपर वॉलनं एकही गोल होऊ दिला नाही, 2-0. वाटलं, आता तरी. आणि सातवी पुन्हा घरच्या बर्फावर, पुन्हा 6-1. मॅथ्यूज आणि मार्नर एकत्र असताना लीफ्स सहा वेळा सातव्या मॅचपर्यंत गेले आणि सहाही वेळा हरले: बोस्टनकडून तीनदा आणि माँट्रियल, टँपा, फ्लोरिडाकडून एकेकदा. शुभा, सहा वेळा तोच शेवट झाला तर त्याला नशीब म्हणत नाहीत.

फ्लोरिडानं केलं काय? त्यांनी आपल्याला रेषेवर पक घेऊन येऊच दिलं नाही. मधला पट्टा बंद. मग पक कोपऱ्यात टाकायचा आणि मागे धावून, खांद्याला खांदा लावून तो काढायचा. त्या लढाईत त्यांची तिसरी लाइन (एकत्र बर्फावर उतरणारं तीन फॉरवर्ड्सचं त्रिकूट) आपल्या तिसऱ्या लाइनपेक्षा फार सरस होती. मार्चंड, लुंडेल, लुओस्टारिनेन या तिघांनी आपलं कंबरडं मोडलं. आपले मोठे खेळाडू थंड पडले हे खरं आहे, पण त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळेल असं खालच्या लाइन्समध्ये कोणी नव्हतं हेही तितकंच खरं.

म्हणून मला रॉय महत्त्वाचा वाटतो. सहा फूट चार इंचाचा सेंटर, 2023 मध्ये व्हेगासबरोबर स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेला. तो साठ-सत्तर पॉइंट करणार नाही, कोणी तशी अपेक्षाही ठेवू नये. पण फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू करतानाची झुंज) घेईल, पेनल्टी किलला उतरेल आणि तिसऱ्या लाइनला पाठीचा कणा देईल. त्याच्या बाजूला व्हँकूव्हरहून आणलेला डकोटा जोशुआ. गेल्या वर्षी कॅन्सरच्या उपचारातून उठून तो परत खेळायला आला. धिप्पाड गडी, कोपऱ्यातल्या मारामारीला कचरत नाही. आपला कोच बेरुबेनं सेंट लुईसला 2019 मध्ये कप जिंकून दिला तो अशाच खेळाडूंच्या जोरावर. इथे आल्यापासून तो हाच खेळ मागतोय, आता त्याला त्यासाठी माणसं मिळाली आहेत.

तिसरा नवा माणूस युटाचा मॅकेली. एका सीझनमध्ये 57 पॉइंट केलेला, गेल्या वर्षी मात्र 18 वर आला. हात गोड आहेत, अंगानं किरकोळ. चालला तर सोनं, नाही चालला तरी फार नुकसान नाही.

पण सगळ्यात मोठा प्रश्न मॅथ्यूजच्या शरीराचा आहे. 69 गोल केलेला माणूस पुढच्याच वर्षी 33 वर येतो, ते काही हात विसरल्यामुळे नाही. मागच्या नोव्हेंबरमध्ये तो उपचारांसाठी थेट जर्मनीला जाऊन आला. तू त्याचा मनगटी शॉट जवळून बघितला आहेस. पक स्टिकवर आला की तो हलकेच स्वतःकडे ओढतो, कोन बदलतो आणि गोलकीपरला कळायच्या आत सोडतो. गेल्या वर्षी ते ओढणं होतं, पण मागचा झटका नव्हता. पक जाळीऐवजी गोलकीपरच्या छातीवर जाऊन बसायचा. तो झटका परत आला तर मार्नरच्या पासशिवायही तो पन्नासच्या आसपास जाईल. नाही आला तर मी वर लिहिलेलं सगळं वाया. त्यात फेब्रुवारीत मिलानचं ऑलिंपिक आहे, तो अमेरिकेकडून खेळणार हे धरूनच चाल. त्या सुट्टीपायी सीझनचं वेळापत्रक दाटीवाटीचं झालंय. दुखऱ्या शरीराला विश्रांती कुठून मिळणार, याची मला खरी काळजी आहे.

गोलकीपरची जोडी मात्र लीगमधल्या उत्तम जोड्यांपैकी एक. स्टोलार्झनं गेल्या वर्षी .926 चं सेव्ह पर्सेंटेज राखलं, म्हणजे हजारातले 926 शॉट अडवले. फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये बेनेटचं कोपर त्याच्या डोक्याला लागलं आणि तो पुन्हा त्या मालिकेत उतरलाच नाही. तो असता तर? हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण त्यानं एका सीझनमध्ये 34 पेक्षा जास्त मॅच कधीच खेळलेल्या नाहीत, आणि वॉलचंही शरीर कुरकुरणारं. दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं तरच निभेल.

डिफेन्स तोच: टॅनेव्ह, मॅककेब, रायली, कार्लो, एकमन-लार्सन, बेन्वा. टॅनेव्ह डिसेंबरमध्ये छत्तीस पूर्ण करेल आणि अजूनही शॉटसमोर अंग टाकतो. मागून पक घेऊन सुसाट निघणारा कोणी नाही, ही उणीव आहेच, आणि मार्नर नसल्यानं ती आणखी दिसेल.

टव्हारेसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2023 मध्ये टँपाला हरवणारा ओव्हरटाइमचा गोल आपण एकत्र पाहिला आणि तू इतकी ओरडलीस की खालच्या मजल्यावरचे गुजराती काका बघायला वर आले! तोच हा आपला मिसिसागाचा मुलगा. कप्तानपद मॅथ्यूजला दिलं तरी तोंड वाकडं केलं नाही. गेल्या वर्षी 38 गोल केले आणि आता वर्षाला जेमतेम 44 लाख डॉलरवर चार वर्षांसाठी थांबला. बाहेर त्याला याहून कितीतरी जास्त मिळाले असते. त्यानं कमी घेतलं म्हणून तर नाइजला 77 लाख 50 हजार देऊन सहा वर्षं बांधून ठेवता आलं. तेवीस पूर्ण व्हायच्या आत 29 गोल केलेला हा मुलगा पुढच्या दोन-तीन वर्षांत या संघाचा खांब होईल, लिहून ठेव.

डिव्हिजन पुन्हा जिंकू असं मला वाटत नाही. टँपा आहे, फ्लोरिडा सलग दोन कप जिंकून बसलाय, ऑटावा वर येतोय आणि माँट्रियलनं डॉबसनला आणून डिफेन्स फार भक्कम केलाय. माझा अंदाज शंभराच्या आसपास पॉइंट आणि तिसरा नंबर. प्लेऑफमध्ये नक्की जाऊ. आणि तिथे हा संघ मागच्या वर्षीपेक्षा जड जाईल. 1967 पासून कप नाही, आणि यंदाच येईल असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या फेरीत फ्लोरिडासारखा कोणी समोर आला तर तिसऱ्या पिरियडमध्ये आपले पाय गळणार नाहीत.

एका बाबतीत मला तुझं मत हवंय. नायलँडरला कोणाबरोबर खेळवायचं? सगळे म्हणतात, तो टव्हारेसबरोबरच बरा, म्हणजे दोन लाइन्स धोकादायक राहतील. मला पटत नाही. रेषेवरून पक आत नेणारा आता या संघात तोच एक उरलाय, 45 गोल केलेत, आणि मॅथ्यूजला पक पोचवणारं कोणीतरी हवंच. मी नाइज, मॅथ्यूज आणि नायलँडर अशी पहिली लाइन पहिल्या दिवसापासून खेळवेन, आणि टव्हारेसच्या बाजूंना मॅकमन आणि मॅकेली देईन. डोमी मॅथ्यूजबरोबर चालेल असं काहीजण म्हणतात. डोमीत जिद्द आहे, पण त्याच्याकडे पक असताना तो कधी गमावेल याचा भरवसा नाही.

पहिली मॅच 8 ऑक्टोबरला, घरच्या बर्फावर, समोर माँट्रियल. तुमच्याकडे 9 तारखेच्या पहाटेचे साडेचार. आईंना आधी सांगून ठेव, नाहीतर एवढ्या पहाटे टीव्हीचा आवाज ऐकून घाबरतील. त्यांना नमस्कार सांग. आणि नायलँडरचं नक्की कळव, मला त्या मॅचच्या आत तुझं उत्तर हवंय.

तुझी,
मेधा