'तांत्रिक मुद्द्यावर सुटका' म्हणण्यापूर्वी

संपादक महोदय,

वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली की बातमीचा मथळा ठरलेला असतो : 'तांत्रिक मुद्द्यावर सुटका'. खटल्यात कुठेतरी चूक दाखवली की माणूस सुटतो, असा समज त्यातून पक्का होतो. मग तुरुंगात असलेल्यांचे घरचे लोक त्या भरवशावर अपिलाची मुदत घालवतात, म्हणून हे पत्र.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५११ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४६५) सांगते की, चुकीमुळे न्यायाचीच हानी झाली असेल तरच शिक्षा उलटते. हरकत आधीच घेता आली असती का, हेही अपिलात पाहिले जाते. दोषारोपात तारीख किंवा कलम चुकले, पण आरोप काय हे आरोपीला कळले होते आणि त्याच्या वकिलाने उलटतपासही त्याच रोखाने घेतला, तर त्या चुकीवर अपील टिकत नाही.

अपिलाचे खरे बळ बहुधा कलम ३५१ च्या (जुने ३१३) जबाबात सापडते. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर त्यातली प्रत्येक प्रतिकूल बाब आरोपीपुढे ठेवून त्याचे म्हणणे घ्यावे लागते. प्रत्यक्षात अनेकदा साच्यातले प्रश्न विचारले जातात, 'खोटे आहे' अशी उत्तरे लिहिली जातात आणि कपड्यांवरच्या रक्ताचा अहवाल त्यात येतच नाही. जी बाब विचारलीच नाही ती आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातील शरद सारडा खटल्यात १९८४ सालीच सांगितले आहे. मात्र राहिलेला प्रश्न अपिली न्यायालय स्वतः विचारू शकते, किंवा त्यासाठी प्रकरण खाली पाठवू शकते. म्हणून निकालपत्र आणि जबाब शेजारी ठेवून वाचावेत. न्यायाधीशांनी आधार घेतलेल्या प्रत्येक बाबीसमोर जबाबातला प्रश्न क्रमांक लिहावा. ज्या बाबीवर शिक्षा उभी आहे तिच्यासमोरची जागा कोरी राहिली, तर तो मुद्दा अपिलात ठळकपणे घ्यावा.

रोजनाम्याचीही, म्हणजे खटल्यात रोज काय घडले याच्या कोर्टातील नोंदीचीही, नक्कल काढावी. साक्षीच्या दिवशी आरोपीचा वकील हजर होता का, सरकारी खर्चाने दिलेल्या वकिलाला तयारीला किती दिवस मिळाले, हे तिथेच कळते. खांडव्याच्या एका खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवला गेला आणि पंधरवड्यात फाशी सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, पण आरोपीला सोडले नाही, खटला पुन्हा चालवायला लावला. बातमीत हा फरक यायलाच हवा.

मुदतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवस (फाशीची शिक्षा असेल तर ३०). नकलेला लागलेले दिवस यातून वजा होतात, पण त्यासाठी अर्ज वेळेत हवा, शक्यतो निकालाच्या दिवशीच. उशीर झालाच तर विलंबमाफीच्या अर्जात कारण नीट सांगावे लागते. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील दाखल होईपर्यंतचा जामीन शिक्षा देणारे कोर्टच देऊ शकते. तो अर्ज तिथल्या तिथे द्यावा.

कैदेत असलेल्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळते (कलम ४०४), अपील कारागृह अधिकाऱ्यामार्फत पाठवता येते (कलम ४२४) आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न पाहता मिळतो. होस्कोट नावाच्या कैद्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने येरवड्याला पाठवलेली निकालाची प्रत त्याला मिळाल्याची पोचच नव्हती आणि अपिलाला चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता. प्रत देताना कैद्याची लेखी पोच घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यावर १९७८ मध्ये बजावले. ही पोच आजही प्रत्येक कारागृहात घेतली जाते का, हे आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावे.

— फौजदारी वकिली करणारा एक वाचक, सातारा