माझी ऑर्डर परत करणाऱ्या छपाईच्या प्रेसवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषयच बदलता, चार वर्षं हेच चाललंय, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. म्हणजे तुम्हाला मध्ये थांबवता येणार नाही.

2021 चा मार्च होता. लॉकडाऊनमध्ये ह्यांचं काम गेलेलं आणि मी घरात कांदा लसूण मसाला करून विकायला लागले होते, आपल्या कराडात त्याला कोण मसाला म्हणतंय, चटणीच. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी आणि थोडी लवंगी तिखटाला, सगळं घरी भाजायचं आणि डंकावर कुटून आणायचं. चटणी चांगली होती, खाणारा परत मागायचा, पण खाणारेच मोजके. त्याआधी एका मुलाला पेज सांभाळायचे 7,000 रुपये देऊन बसले होते, त्याने नेटवरचे मिरच्यांचे फोटो उचलून टाकले, वर 1,500 भरून पोस्ट बूस्ट केली, लाइक आले ते कुठल्या कुठल्या गावांतून आणि ऑर्डर एकही नाही. हातात 9,000 उरले होते. त्यातले 6,000 पर्समध्ये घालून तुमच्या प्रेसमध्ये आले, 5,000 पॅम्फ्लेट छापायची आणि पेपरात टाकायची असं ठरवून.

तुम्ही मजकूर वाचला आणि कागद माझ्याच हातात परत दिला. "छापून देईन पोरी, पण तुझे पैसे जातील. पेपरातनं पडलेल्या कागदावर लोक भाजी निवडतात. आत्तापर्यंत चटणी किती जणांनी नेली?" मी म्हटलं 43. "नावं सांग." मला अकरा सांगता आली.

तुमच्याकडं त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, मशीन बंद होतं, लॉकडाऊनने तुमचंही कंबरडं मोडलेलं, लग्नपत्रिकासुद्धा छापायला येत नव्हत्या. तरी तुम्ही आलेली ऑर्डर परत केलीत. हे मला तेव्हा नाही कळलं, नंतर काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

मग तुम्ही कटिंगचे उरलेले कागद सारखे केले, पुठ्ठा लावून पिना मारल्या आणि पट्टीने स्वतः रकाने आखले. नाव, फोन, घरात माणसं किती, तिखट का मध्यम, किती नेली, कधी नेली आणि शेवटचा रकाना, कोणाकडून कळलं. म्हणालात, ही भर आणि मग ये.

भरायला पंधरा दिवस लागले, फोन करून करून नावं शोधली. आणि शेवटचा रकाना वाचला तर 43 पैकी 17 जण एकाच बाईंकडून आलेले, आमच्या अंगणवाडीच्या ताई! मी त्यांना कधी साधा फोनही केला नव्हता. तुम्ही सांगितलंत, अर्धा किलो घेऊन घरी जा, कमिशनची भाषा करू नकोस, त्यांना वाईट वाटेल, नुसते आभार मान. मी गेले. त्या ताई आजही माझ्यासाठी जेवढं करतात तेवढं कुठल्या जाहिरातीने झालं नसतं.

"कधी नेली" चा उपयोगही तुम्हीच शिकवलात. चार माणसांच्या घरात किलोभर चटणी दोनेक महिने जाते, तर सातव्या आठवड्यात फोन करायचा. "संपायच्या आधी कर. संपल्यावर बाई खालच्या दुकानातनं पुडी आणती आणि तू राहिलीस बाजूला." माझ्यासारख्या घरून धंदा करणाऱ्या बायांना मी आता हेच सांगते, नवीन गिऱ्हाईक शोधायला पैसे घालायच्या आधी जुन्याचा डबा कधी रिकामा होतोय ते बघा.

आणि स्टिकर. पाऊचवर नाव छापून घ्यायचं तर छपाईच्या सिलिंडरचा, म्हणजे नाव कोरलेल्या रोलरचा, खर्च वेगळा आणि हजारोंनी माल उचलायला लागणार होता, तुम्ही म्हणालात साधे पाऊच घे, वर लेबल लावू. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, हिरवा ठिपका, आमचा फोन आणि फूड लायसनचा 14 आकडी नंबर, त्या लायसनच्या रजिस्ट्रेशनची फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती हेसुद्धा मला तुमच्याकडूनच कळलं, मी हजारोंत धरून बसले होते. मग तुम्ही विचारलंत, पाकीट घरी गेल्यावर त्याचं काय होतं? मी म्हटलं, बरणीत ओततो आणि पाकीट टाकून देतो. "मग तुझं नाव कुठं राहिलं?"

त्यातून तो दोन इंची गोल स्टिकर निघाला, बरणीला लावायचा, प्रत्येक पाकिटासोबत एक. नाव बारीक आणि फोन नंबर मोठा, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. पहिले कागदाचे केले होते, चटणीचे आणि तेलाचे हात लागून महिन्याभरात लाल होऊन आकडेच दिसेनात. मी तक्रार केली नव्हती, तुम्ही स्वतः आमच्या ओट्यावरची बरणी बघितलीत आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या शीटवर नवीन करून पाठवलेत, बिल शून्य. त्या दिवाळीत मलकापूरहून एक फोन आला, "जाऊबाईंच्या ओट्यावर बरणी बघितली, मला दोन किलो पाहिजे". फोन ठेवला आणि आधी तुमच्याकडं पळत आले होते, आठवतंय का?

व्हॉट्सॲप बिझनेस माझ्या भाच्याने लावून दिलं, ते फुकटच आहे, पण ज्याच्याकडे आपला नंबर सेव्ह नाही त्याला साधा ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम सगळ्यांना धाडलेला मेसेज, पोचतच नाही, म्हणून पाकीट हातात देतानाच नंबर सेव्ह करून घ्यायचा ही सवय तुम्ही लावलीत. आणि फोटो आमचेच, गच्चीवर देठं काढताना सासूबाईंचे हात, डंकाजवळची लाल झालेली भिंत. त्या भिंतीच्या फोटोला सगळ्यात जास्त रिप्लाय आले.

तुमच्याकडं छपाईला आणलेले 6,000 तसेच उरले, त्यातून पुढच्या सीझनची मिरची भरली. आता वही चौथी चालू आहे, पुण्याचं पार्सल आठवड्यातून दोनदा ट्रॅव्हल्सने जातं, ह्यांनी दुसरी नोकरी शोधली नाही, दोघं मिळून हेच करतो.

पहिल्या वहीत 44 नंबरवर तुमचं नाव आहे काका. माणसं दोन, मध्यम, अर्धा किलो. कोणाकडून कळलं हा रकाना तुमच्यापुढं मी कोराच ठेवलाय, काय लिहायचं ते सुचलंच नाही. तुमची बरणी मागच्या आठवड्यात संपायला आली असणार, तारीख बघितली मी. रविवारी सकाळी घेऊन येतेय, पैशाचं नाव काढायचं नाही, काकूंना सांगून ठेवलंय.

तुमची,
चटणीवाली पोर