सिंहगडाच्या वाटेवरच्या ताकवाल्या मावशींना

मावशी,

तुमच्या नातीच्या हातात मोबाइल असतो, ती कधीतरी हे वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल, या आशेवर लिहितेय.

मेचा शेवटचा रविवार होता. मी आणि माझी कुत्री गोदा साडेपाचलाच आतकरवाडीहून चढायला लागलो. उन्हाळ्यात आम्ही दोघी पहाटेच निघतो, पाखरं तेव्हाच बोलती असतात. गोदा नऊ वर्षांची. मी दुर्बीण डोळ्याला लावली की ती आपणहून बसते आणि दुर्बीण खाली येईपर्यंत हलत नाही. तरी तिचा पट्टा मी कधी सोडत नाही. रातवा, टिटवी याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात.

चूक माझी होती. परतताना झाडीतून नवरंग ऐकू आला. पावसाच्या तोंडावर तो आपल्याकडे विणीला येतो, आणि त्याची ती दोन सुरांची शीळ ऐकायला मी वर्षभर थांबलेली असते. थांबले. बघता बघता साडेनऊ झाले, पाणी संपलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला अंग निववावं लागतं, हे मला माहीत होतं. तरी थांबले. पुढच्या उतारावर गोदाचे मागचे पाय लटपटले आणि ती वाटेतच आडवी झाली. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, डोळे कुठेच बघत नव्हते.

माणसं काय कमी होती त्या वाटेवर? एकानं व्हिडिओ काढला. एका बाईंनी "कुत्री गडावर आणायचीच कशाला" म्हणून सुनावलं आणि हातातली अर्धी भरलेली बाटली पिशवीत ठेवली. ज्या दवाखान्यात पाच वर्षं गोदाला नेत होते, तिथून फोनवर उत्तर आलं, "अकरानंतर या." मला अजून राग येतो.

तुम्ही मात्र छपरातून उठून आलात. मी घाबरून तिच्या तोंडात पाणी ओतायला निघाले होते, तर माझा हात धरलात. "वतू नको, ठसका लागंल तिला. आधी सावलीत घे." मग ताकाच्या माठाला गुंडाळलेला ओला फडका सोडायला लागलात. गाठ भिजून घट्ट बसली होती, बोटांनी सुटेना, तेव्हा खाली वाकून दातानं सोडवलीत. तो गारेगार फडका गोदाच्या पोटाखाली, जांघेत सरकवलात. तिचा एकेक पंजा हातात घेऊन पाण्याच्या पातेल्यात बुडवलात, लहान मुलाचे पाय धुवावेत तसा.

मावशी, तो माठ उघडा पडलेला मला अजून दिसतो. रविवार, गर्दीचा दिवस, ऊन चढत चाललेलं. ताक आंबणार हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळत होतं. पातेल्यातलं पाणीसुद्धा डोक्यावरून वाहून आणलेलं. तुम्ही माठाकडे एकदाही वळून बघितलं नाहीत आणि मला एका शब्दानं बोल लावला नाहीत. पैसे पुढे केले तर रागावलात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच, तुमच्या मुलानं तिला खांद्यावर घेऊन खाली उतरवलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. तेव्हाही तिचा ताप १०४ होता, एरवी कुत्र्यांचा १०१-१०२ असतो. वाटेतच अंग निववलं म्हणून हाती लागली, असं ते म्हणाले. तो हात तुमचा होता. मुक्या जिवाची तगमग बघून आपला धंदा, आपलं पाणी, आपला दिवस बाजूला सारणारी माणसं आहेत, म्हणून मला पुन्हा गडावर यावंसं वाटतं.

निघताना तुम्ही विचारलंत, "कुठलं पाखरू बघाया थांबलीवतीस?" मी रडत रडत शीळ वाजवून दाखवली. तुम्ही म्हणालात, "त्ये व्हय! त्ये तर रोज सकाळी हितं माझ्या छपरामागं वरडतंय."

गोदा आता जेवते, जिना चढते. तुमचा फडका धुऊन ठेवलाय. येत्या रविवारी एकटीच येईन, उजाडायच्या आत, फडका घेऊन. तुमच्या छपरामागं बसू द्याल ना?

तुमची,
गोदाची आई